दुसरा हात

मुंगीला दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा भावोजींच्या हातात औषधांची पिशवी होती आणि माझ्या हातात एक छापील पत्रक. पत्रकाचं नाव ‘घरी आरामात बरे व्हा’. वर उशीला टेकून हसणाऱ्या एका बाईचं चित्र. छातीतली गाठ काढून आलेली बाई इतकी कशाला हसेल, हे त्या चित्रकारालाच ठाऊक. मी ते पत्रक चुरगाळणारच होते, पण भावोजींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, घडी सरळ केली आणि फ्रिजच्या दारावर चिकटवलं. भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. यंत्राबरोबर आलेल्या सूचना वाचल्याशिवाय ते स्क्रूला हात लावत नाहीत. बायकोबरोबर सूचना आल्या, याचं त्यांना बरंच वाटलं असावं.

मुंगी म्हणजे त्यांची बायको आणि माझी मैत्रीण. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत आहे आणि ते तिथंच राहिलं. आम्ही दोघी कापडाच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत काम करतो. मागावर धागा तुटला की विणकर गाठ मारतो आणि पुढे विणत जातो, त्याचं काम झालं. ती गाठ कापडात तशीच राहते. सुटाच्या कापडात एक जरी राहिली तरी शिवल्यावर ती नको तिथं दिसते. म्हणून उतरत्या टेबलावर ठाण पसरायचं, वरून हात फिरवायचा, गाठ सापडली की सुईनं उचलायची, चिमट्यानं सोडवायची आणि टोकं कापडाच्या पाठीमागे ढकलायची. डोळ्यांना दिसत नाहीत त्या गाठी बोटांना लागतात. तिची बोटं कापडावरून अशी चालायची की साखरेचा दाणा शोधतेय, म्हणून ती मुंगी.

ती काम करायची डोळे मिटून. नवीन साहेब आले तेव्हा त्यांना वाटलं बाई झोपली. ते टेबलापाशी येऊन खाकरले. मुंगीनं डोळे न उघडता कापडाचा एक कोपरा चिमटीत धरला आणि म्हणाली, “साहेब, इथं एक आहे. भिंगातून बघा.” साहेबांनी भिंग लावलं. होती. “आता हिची गाठ माझ्याशी आहे,” असं म्हणून ही पुढे कामाला लागली. खोलीतल्या बायका आठवडाभर हसत होत्या. एकोणीस वर्षं मी तिच्या समोर बसले. तिच्यासारखी बोटं मी दुसरी पाहिली नाहीत, माझीही नाहीत.

आमच्या खोलीत एक नियम आहे, दुसऱ्या हाताचा. एखाद्या जागेबद्दल शंका आली की ठाण समोरच्या बाईकडे सरकवायचं. तिनं हात फिरवून ‘पास’ म्हटलं की पास. मग पहिलीनं त्या जागेला पुन्हा बोट लावायचं नाही. पूर्वी यावरून बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायला निघायच्या, म्हणून कुणीतरी हा नियम केला असं म्हणतात. तो आमच्या अंगात इतका भिनला की बाजारात टोमॅटो घेतानासुद्धा मुंगी एखादा माझ्याकडे सरकवायची. मी पास म्हटलं की पिशवीत.

आता जे सांगायचंय ते सांगतेच. आढेवेढे घेऊन काय उपयोग.

ऑपरेशनच्या चौदा महिने आधी, कारखान्याच्या धुण्याच्या खोलीत, मुंगीनं दाराला कडी लावली आणि शर्टाची वरची बटणं काढली. म्हणाली, “जरा हात लाव गं. मला शंका आहे.” बाहेर चाळीस ठाणं पडली होती आणि संध्याकाळी गाडी लागणार होती. साहेब दर दहा मिनिटांनी दारात येऊन घड्याळाकडे बघत होते. मी हात पुसले आणि तिनं दाखवलं तिथं बोटं ठेवली. मला ती लागली. वाटाण्याएवढी, कडक, हलत नव्हती. कापडात असती तर मी झोपेतसुद्धा तिच्यावर खडूनं खूण केली असती. आणि मी म्हणाले, “काही नाही गं. आपल्या वयाला असं असतंच. पास.”

का म्हणाले? घाई होती हे खरं, पण ते कारण नव्हे. मी घाबरले. खूण केली की माल बाजूला काढतात, हे मला माहीत होतं. तिला बाजूला काढलेलं मला बघायचं नव्हतं. मी नाही म्हटलं तर ते नसेलही, इतका पोरकट विचार पन्नाशीच्या बाईनं केला. दोन दिवसांनी सांगू, असंही मनाशी म्हटलं होतं. दोनाचे चार झाले, चाराचा महिना. मग इतका उशीर झाला की सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. ती बटणं लावून बाहेर गेली आणि टेबलापाशी बसून एक गाणं गुणगुणू लागली. त्यानंतर तिनं त्या जागेला कधी हात लावला नाही. नियमच तसा होता.

ऑपरेशनच्या तीनेक आठवडे आधी एकदा कपडे बदलताना आरशात तिला ती जागा आत ओढल्यासारखी दिसली. “उद्या मी येणार नाही, डॉक्टरकडे जायचंय,” एवढंच मला म्हणाली. कशासाठी ते नाही. मी विचारलंही नाही, यावरून काय ते समजा. पुढे सगळं भराभर झालं. सुईनं तुकडा काढून तपासला आणि काय आहे ते कळलं. मग ऑपरेशन. गाठ काढली, काखेतलंही काढलं. किती पसरलंय ते काढलेल्या भागाच्या तपासणीनंतर कळणार होतं, दहा दिवसांनी.

ते दहा दिवस मी तिच्याकडे होते. सकाळी भावोजी कामावर जायचे तेव्हा मी पोचायचे, ते परतले की निघायचे. कारखान्यात मी अर्धी रजा टाकली होती, दुपारी दोनेक तास जाऊन यायचे. माझ्या घरी वाट बघणारं कुणी नाही, त्यामुळे सगळ्यांनी माझं कौतुक केलं. शेजारीण म्हणाली, “सख्खी बहीण करणार नाही एवढं करता हो तुम्ही.” चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं.

पत्रकाप्रमाणे सगळं चाललं होतं. पाठीमागे तीन उशा, कारण आडवं झोपलं की टाके ओढायचे. काखेखाली एक छोटी उशी, ती भावोजींनी जुन्या टॉवेलची स्वतः शिवली. टाके बघून मुंगी म्हणाली, “हे आमच्या खोलीत चाललं नसतं.” अंगात भावोजींचे शर्ट, कारण डोक्यातून घालायचं काही चालत नव्हतं. काखेतून एक नळी बाहेर आली होती, तिच्या टोकाला रबरी फुगा, त्यात लालसर पाणी जमायचं. सकाळ-संध्याकाळ मी ते मापाच्या पेल्यात ओतायचे आणि भावोजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायचे. पन्नास. चाळीस. पस्तीस. आकडा उतरला की ते खूश व्हायचे. लिफ्ट खाली येताना आकडे उतरतात तसे, म्हणायचे. मुंगी म्हणायची, “खाली जाऊन दार उघडलं म्हणजे झालं.” मग ते पेनाला टोपण लावायचे.

सहाव्या दिवशी नळी काढली. दंडाची आतली बाजू बधिर होती आणि ती तशीच राहील असं परिचारिकेनं सांगितलं. मुंगी डाव्या हातानं उजवा दंड चाचपत बसली. “हे माझं वाटतच नाही गं. दुसऱ्याचं कापड हाताळावं तसं लागतंय.” बोटं धड होती, पण ती उचलणारा हात खांद्यापर्यंतही जाईना. व्यायाम म्हणून भिंतीसमोर उभं राहून बोटांनी चालत चालत हात वर न्यायचा होता. “बघ, मुंगी भिंत चढतेय,” म्हणून तिनं सुरुवात केली आणि कमरेच्या जरा वर गेल्यावर तोंड वाकडं करून थांबली. मी पेन्सिलनं तिथं खूण केली. दुसऱ्या दिवशी ती खुणेपर्यंतसुद्धा पोचली नाही. पत्रकात लिहिलं होतं, रोज थोडी प्रगती होईल. पत्रक लिहिणाऱ्याला एकदा या भिंतीसमोर उभं करायला हवं होतं.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला तिचं डोकं तरी धरता आलं असतं. ती खिडकीकडे तोंड करून बसायची. समोरच्या इमारतीला रंग देत होते, पाळण्यात बसलेले दोन रंगारी दिसायचे. एकदा अचानक म्हणाली, “आत्ता कुठल्यातरी खोलीत कुणीतरी माझा तुकडा तपासत असेल ना?”

“असेल.”

“त्यांच्याकडे दुसरा हात असतो का गं?”

माझ्या हातात औषधाची गोळी होती, ती खाली पडली. ती शोधायच्या निमित्तानं मी पलंगाखाली वाकले आणि जरा जास्तच वेळ तिथं राहिले.

स्वयंपाकघरात भावोजी मला वेगळंच विचारायचे. “ताई, एक कळत नाही. हिला पलंगपोसाखालचा केस टोचतो. मग हे कसं नाही लागलं?” तीनदा विचारलं त्यांनी. तिन्ही वेळा मी नळ जोरात सोडला.

कारखान्यात याच्याही पुढची पायरी. पहिल्याच दिवशी बायका म्हणू लागल्या, मुंगीची बोटं गेली. स्वतःच्या अंगातली गाठ जिला सापडली नाही ती कापडातली काय शोधणार? वाईट मनानं नाही म्हणाल्या, हळहळत म्हणाल्या, पण म्हणाल्या. ते साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी मुंगीनं गेल्या तीन महिन्यांत पास केलेली आणि अजून गोदामात असलेली ठाणं परत मागवली. पुन्हा तपासायला कुणाला दिली असतील? मलाच. “तुम्ही तिच्या जोडीच्या, तुम्हालाच तिचा हात माहीत.” चार दुपारी मी ती ठाणं उलगडत होते. एकेका कापडावर एवढा हात फिरवला की बोटांची सालं निघायची वेळ आली. बावीस ठाणं. एकही गाठ नव्हती.

“नशीब,” साहेब म्हणाले.

नशीब नाही साहेब, बोटं, असं मी म्हणायला हवं होतं. त्या बोटांना सगळं लागलं होतं, माझ्या आधी लागलं होतं, असं म्हणायला हवं होतं. मी ठाणं गुंडाळली. तोंड असून मुकी असणं मला आता चांगलं जमायला लागलं होतं.

दहाव्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई होत्या, तरुण, बोलायला सरळ. त्यांनी रिपोर्ट आमच्याकडे वळवून ठेवला, वाचता येणार नाही हे माहीत असूनही. काखेतल्या आठ ग्रंथी काढल्या होत्या, त्यातल्या पाचांत ते पोचलं होतं. अजून कुठे गेलंय का ते पाहावं लागणार होतं. सलाइनमधून औषधं, मग किरण, मोठी यादी होती. केस जातील, म्हणाल्या. बोटांची टोकं बधिर होऊ शकतात, बऱ्याच जणींची पुन्हा सुधारतात, काहींची नाही. मुंगीनं मांडीवरचे हात एकात एक गुंतवले. इतका वेळ ती हललीसुद्धा नव्हती.

“तुमच्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“महिन्यापूर्वी. आरशात दिसलं.”

“त्याआधी हाताला काही लागलं नव्हतं? एवढी वाढायला बराच काळ जातो, म्हणून विचारते.”

“नाही.”

भावोजींना राहवलं नाही. “डॉक्टर, अहो हिचं कामच बोटांचं आहे. हिला...”

“माझी बोटं पूर्वीसारखी राहिली नव्हती,” मुंगी म्हणाली. अगदी शांतपणे, नवऱ्याकडे बघत. “तुम्हाला सांगितलं नाही इतकंच. कामावरही चुका व्हायला लागल्या होत्या.”

बावीस ठाणं मी उलगडली होती. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते, आणि ती आपली एकोणीस वर्षं माझ्यासमोर मोडून टाकत होती. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. माणसाच्या फुप्फुसाचं चित्र होतं. ते मी अजून डोळे मिटून काढून दाखवीन.

“वर्षभर आधी आलो असतो तर?” भावोजींनी विचारलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. “तर बहुतेक काखेपर्यंत गेलं नसतं,” म्हणाल्या. “पण आता तो विचार करू नका.”

परत येताना टॅक्सी केली. भावोजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, त्यांची मान मधूनच हलत होती, रडत होते. मुंगी म्हणाली, “काखेत कळसा म्हणतात. माझ्या काखेत भलतंच निघालं.” ड्रायव्हर चुकून हसला आणि मग ओशाळला. मी तिच्या दंडाला आतून हात लावला, पण ती बधिर बाजू होती आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजी कामावर गेले. दुपारी तिचे केस धुवायचे होते. मोरीत स्टुलावर तिला बसवलं, खांद्यावर टॉवेल टाकला, जखमेवर प्लास्टिक चिकटवलं. तिचे केस दाट आहेत, पांढरे थोडेच. ती मान खाली घालून बसली आणि म्हणाली, “चांगले चोळ. आहेत तोवर.” मी साबण लावत होते. आता सांगायचं, मी ठरवलं. तिला सांगायचं, मग भावोजींना, मग उद्या कामावर भर खोलीत उभं राहून सगळ्यांना. लोकांना जे म्हणायचं ते म्हणू दे. तिचं नाव तरी तिला परत मिळेल. बाकी काही परत देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

“अगं, मला तुला एक...”

“नको.”

“तुला माहीत नाही मी काय...”

“तुझी बोटं थांबली होती,” ती म्हणाली. मान खालीच होती. “धुण्याच्या खोलीत. एका जागी थांबली, मग पुढे गेली. मला तेव्हाच कळलं तुला लागली ते.”

माझ्या हातातून फेस कोपरापर्यंत ओघळत होता.

“मग तू गेली का नाहीस डॉक्टरकडे?” मी ओरडलेच तिच्यावर. “कळलं होतं तर का नाही गेलीस?”

“मी पास ऐकायलाच आले होते. तू म्हणालीस.” तिनं कपाळावरचा फेस पुसला. “रोज वाटायचं, आज ही स्वतःहून बोलेल. बोलली की जाईन. समोर बसून रोज वाट बघायचे. तू ठाणं सरकवायचीस.”

“मी आज सांगते सगळ्यांना. भावोजींना सांगते. साहेबांना सांगते, तुझी बोटं...”

“गप्प बस.” आवाज चढला नाही, पण एकोणीस वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. “तू माफी मागितलीस की मला तुला माफ करावं लागेल. नाहीतर हाकलावं लागेल. माफ करायला माझं मन होत नाही. खरंच होत नाही, मी करून बघितलं. आणि हाकललं तर डोकं कोण धुणार? ह्यांना जमत नाही, डोळ्यांत साबण घालतात. म्हणून तू काही बोलायचंच नाही. कामावरही नाही. तिथं सगळ्या तुझ्यावर तुटून पडतील आणि मला इथं बसून तुझी बाजू घ्यावी लागेल. तेवढी ताकद नाही माझ्यात.”

“आणि मी काय करू?”

“तू ये रोज.”

मी पाणी ओतलं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. केस स्वच्छ होईपर्यंत मी तीन बादल्या ओतल्या, मग टॉवेलनं डोकं गुंडाळलं आणि तिला उशांशी नेऊन बसवलं.

औषधं सुरू होऊन आता दोन महिने झाले. कामावर तिच्या जागी नवीन बाई आली आहे आणि मुंगीची बोटं गेली हे ती इतरांकडून ऐकून मलाही सांगते. मी मान हलवते. रोज चारला कारखान्यातून निघते आणि तिच्याकडे जाते. तिनं मला माफ केलेलं नाही. घंटी वाजवली की भिंतीला धरत धरत येते आणि दार तीच उघडते.